गोदरेज प्रायमा, मराठी कळफलक: जुना टाइपरायटर आज घ्यावा का?

मराठी टाइपरायटर पारखायला एक शब्द पुरतो: ‘म्हणून’. अर्धा म बहुधा शिफ्टवर असतो, ह शिफ्टविना. ण दोन ठोक्यांत बनतो, आधी अर्धा ण आणि मग काना. दीर्घ उकार अशा कळीवर असतो की ती दाबली तरी कॅरेज (कागद धरून सरकणारा भाग) जागची हलायची नाही. शेवटी न. ठोके सहा, कॅरेज मात्र पाचदाच सरकायला हवी. हा शब्द ओळभर टाइप करा आणि कागद डोळ्यांच्या रेषेत आडवा धरून शिरोरेषा बघा. ती सरळ गेली, तर यंत्राची प्रकृती ठीक आहे. जिथे पायरी पडली, तिथे दुखणं आहे.

इंग्रजी यंत्रात एखादं अक्षर केसभर वरखाली बसलं तरी डोळा सांभाळून घेतो. देवनागरीत तशी सोय नाही. एक टाइप (कागदावर आदळणारं धातूचं अक्षर) जरा वाकला की शिरोरेषा तुटते आणि सगळी ओळ दातपडकी दिसते. म्हणून इंग्रजी टाइपरायटरांबद्दल जे सल्ले सगळीकडे वाचायला मिळतात, ते मराठी यंत्राला अर्धेच लागू पडतात. उरलेल्या अर्ध्यासाठी हे परीक्षण.

गोदरेज अँड बॉइसने १९५५ मध्ये मुंबईत टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. प्रायमा हे त्यांचं शेवटच्या पर्वातलं मॉडेल. २०११ मध्ये ‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ अशा बातम्या आल्या, त्या याच कंपनीबद्दल. तेव्हा शिल्लक असलेल्या यंत्रांत अरबी कळफलकाचीच जास्त होती. मराठी यंत्रं सरकारी कचेऱ्या, कोर्टाबाहेरचे टायपिस्ट आणि गावोगावच्या टाइपिंग इन्स्टिट्यूटमध्ये केव्हाच पोचलेली होती. तिथूनच ती आता बाहेर पडताहेत. परीक्षा परिषदेच्या टाइपिंग परीक्षा संगणकावर गेल्या आणि इन्स्टिट्यूटमधल्या रांगाच्या रांगा एकदम भंगाराच्या वजनावर आल्या.

दिसायला प्रायमा काही खास नाही. चौकोनी, कोनाकोनाची, टेबलावर ठेवली की महसूल खात्याची आठवण यावी अशी. शोभेसाठी यंत्र हवं असेल तर काळी, काचेच्या गोल कळांची जुनी इंग्रजी रेमिंग्टन बघा, हिच्या वाटेला जाऊ नका. पण ज्याला स्वतः खोलायचं, धुवायचं आणि त्यावर मराठी लिहायचं आहे, त्याच्यासाठी प्रायमासारखं यंत्र नाही. एक तर ती इतकी खपली आहे की पार्टसाठी दुसरी मिळते. दुसरं, हिची रचना उघडी आहे. वरचं झाकण काढलं की रिबनची वाट आणि सेगमेंट (ज्या अर्धगोल, खाचा पाडलेल्या पट्टीत टाइपांचे दांडे बसतात ती) समोर, मागून बघितलं की कॅरेज ओढणारा स्प्रिंगचा ड्रम आणि दोरी समोर. जे बिघडलंय ते दिसतं, आणि दिसतं म्हणून दुरुस्त होतं. फॅसिट कंपनीची यंत्रं बोटांना हलकी लागतात हे खरं, पण मराठी कळफलकाची चांगली फॅसिट शोधायला जास्त फिरावं लागतं.

यंत्र कुठून आलंय ते आधी विचारा, कारण झीज त्यावर ठरते. इन्स्टिट्यूटचं यंत्र दिवसाला आठ-दहा तास वेगवेगळ्या हातांखाली गेलेलं असतं. नवशिके एकदम दोन-तीन कळा दाबतात, टाइप एकमेकांत अडकतात, मग ओढून सोडवले जातात. अशा यंत्राचे टाइप बार, म्हणजे टाइपांचे दांडे, वाकडे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाचं यंत्र झिजलेलं असतं पण निगुतीने वापरलेलं असतं. त्याचं पोट त्यावर असतं, त्यामुळे तेलपाणी वेळेवर झालेलं असतं. फक्त धूळ फार. कचेरीतलं यंत्र सगळ्यात कमी वापरलेलं, पण वर्षानुवर्षं रेक्झिनच्या कव्हरखाली घामेजलेलं, म्हणून गंज. तिन्हींतून एक निवडायचं झालं तर कोर्टाजवळचं घ्यावं. धूळ निघते. वाकलेले बार सरळ करणं हे कसबी मेकॅनिकचं काम, आणि असे मेकॅनिक आता फार उरलेले नाहीत.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली तर टाइपरायटर दिसतात. मात्र तिथे पुष्कळदा कॅरेज लॉक झालेली किंवा दोरी तुटलेली असते. विकणारा ‘फक्त तेल घालायचंय’ म्हणेल. कॅरेज हाताने उजवीकडे ओढा आणि ती मोकळी करायचा खटका दाबा. ती डावीकडे खेचली जात नसेल तर दोरी तुटली आहे किंवा मेन स्प्रिंग उतरली आहे. दोन्ही दुरुस्त होण्यासारखं आहे, त्यामुळे याच कारणावर भाव पाडून घ्या. टाइपांची टोकं मात्र नीट बघा. मात्रेचा किंवा रफाराचा टाइप डागातून (सोल्डरच्या जोडातून) सुटून पडला असेल तर तो नवा मिळणार नाही, दुसऱ्या यंत्रातूनच काढावा लागेल.

आणखी एक फसगत टाळायची आहे. काही यंत्रं मुळात इंग्रजी असतात, नंतर कोणीतरी टाइप आणि कळांच्या टोप्या बदलून ती मराठी केलेली असतात. ओळखायची खूण म्हणजे डेड की, म्हणजेच कॅरेज न हलवणाऱ्या कळा. नेहमीचा टाइप बार वर उठताना एका सामाईक पट्टीला ढकलतो आणि त्या धक्क्याने कॅरेज एक घर सरकते. मात्रा, अनुस्वार, उकार यांच्या बारांना नेमकी तिथे खाच दिलेली असते, म्हणजे पट्टीला धक्का बसत नाही. त्यांचा टाइपही मध्यावर नसतो. तो डावीकडे सरकवून बसवलेला असतो, कारण आधी अक्षर उमटून पुढे गेलेलं असतं आणि मात्रेला त्याच्या डोक्यावर जाऊन बसायचं असतं. (पहिल्या वेलांटीचं उलटं. ती अक्षराच्या आधी टाइप होते आणि कॅरेजही सरकवते.) ‘के कै कं कु कू’ टाइप करा. मात्रेनंतर रिकामं घर पडलं, किंवा अनुस्वार दोन अक्षरांच्या मधोमध पडला, तर यंत्र बदललेलं आहे किंवा बार वाकलेला आहे. घेऊ नका.

आता साफसफाई. इथे लोक पहिली चूक करतात ती तेलाची. कळ दाबली की टाइप हळू वर येतो, खाली पडायला वेळ लावतो, म्हणून सेगमेंटमध्ये तेल सोडलं जातं. तेल घातल्यावर दोन दिवस यंत्र पळतं. तिसऱ्या दिवसापासून त्या तेलात धूळ आणि खोडरबराचा चुरा कालवला जातो, आणि महिन्याभरात तिथे पेस्ट तयार होते. डब्यातून फवारायच्या गंजनाशक तेलाचंही तेच होतं. सेगमेंट कोरडाच चालतो. त्याला धुवायचं असतं, तेल पाजायचं नसतं.

धुण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन घ्या. एका यंत्राला पाव लिटर पुष्कळ होतं. आधी कोरडा ब्रश आणि हवेच्या पंपाने सैल धूळ काढा, नाहीतर टर्पेंटाइनबरोबर तीच खाचांत वाहून जाईल. यंत्राखाली जुनी वर्तमानपत्रं घाला. कॅरेज एका कडेला सरकवा, कागद ज्यावर चढतो तो रोलर काढता येत असेल तर काढून ठेवा. टर्पेंटाइन रबराला आणि रंगाला लागू द्यायचं नाही. मग जुन्या टूथब्रशने खाचांत थोडं थोडं सोडत एकेक कळ पंधरा-वीस वेळा दाबा. काळं पाणी खाली गळेल. अर्ध्या तासाने पुन्हा. साधारण तिसऱ्या खेपेला गळणारं पाणी स्वच्छ दिसतं. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस पेटलेला नको. पूर्वी हेच काम पेट्रोलने व्हायचं. घरात ते करू नका. टोप्या प्लास्टिकच्या असतात, म्हणून नेलपॉलिश काढायचं द्रव्य तर यंत्राच्या आसपासही आणू नका. टोप्या साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसल्या की झालं.

टाइपांची तोंडं वेगळी साफ करावी लागतात. रिबनची शाई आणि कापसाचे तंतू अक्षरांच्या पोटात साचतात आणि ब, व, ष एकसारखे दिसायला लागतात. ताठ ब्रशला थोडं स्पिरिट लावून घासा, उरलेलं लाकडी टूथपिकने काढा. सुई किंवा टाचणी वापरायची जुनी सवय चांगली नाही. टाइपाच्या कडेला चरा पडतो आणि मग तो चरा प्रत्येक पानावर उमटतो.

तेल लागतं ते फक्त कॅरेजच्या रुळांना, आणि तेही शिलाई मशीनचं, काडीच्या टोकावर येईल तेवढं. दोन्ही रूळ आधी टर्पेंटाइनने पुसायचे, मग तेल लावून कॅरेज दहा वेळा इकडून तिकडे फिरवायची, आणि वर आलेलं तेल पुसून टाकायचं.

कॅरेजची दोरी हा सगळ्यात समाधान देणारा उद्योग आहे. मूळ दोरी कुजलेली असते. मासेमारीची विणलेली पक्की दोरी, जाडी साधारण पाऊण ते एक मिलिमीटर, उत्तम चालते. एकेरी तंगूस नको, ती ताणते आणि गाठ सरकते. जुन्या दोरीचे तुकडे जुळवून लांबी मोजा. ड्रमला दोरी बांधून गुंडाळा, ड्रम हाताने तीन-चार फेरे फिरवून स्प्रिंगला ताण द्या, आणि तो घट्ट धरून दुसरं टोक कॅरेजच्या आकड्याला अडकवा. ड्रम हातातून निसटला तर भिरभिरत सुटतो आणि बोट सोलवटतं, शिवाय आतल्या स्प्रिंगचं टोक तुटू शकतं. हे काम दोघांनी करावं.

ताण बरोबर आहे की नाही हे ओळीच्या शेवटाला कळतं. टाइप करताना कॅरेज डावीकडे जाते आणि स्प्रिंग उतरत जाते, म्हणजे ओळीच्या शेवटी ओढ सगळ्यात कमी. ओळ सुरुवातीला सुबक आणि शेवटची आठ-दहा अक्षरं एकमेकांवर चढलेली, असं दिसलं तर ताण कमी आहे किंवा रूळ घाण आहेत. आधी रूळ पुसा, मग अर्धा फेरा ताण वाढवा. उगाच जास्त ताण दिला तर कॅरेज परत ढकलायला जड जाते आणि एस्केपमेंटचे, म्हणजे कॅरेज एकेक घर सोडणाऱ्या यंत्रणेचे, दात मार खातात. ओळीत कुठेही मधूनच घरं रिकामी पडत असतील तर ताण कमी असल्याचा संबंध नाही. ते दुखणं एस्केपमेंटचं. त्यात नव्वद टक्के वेळा घाणच असते. ती धुवून बघा. पकडीने तिथलं काहीही वाकवू नका.

प्रायमाचा, आणि या वयाच्या कुठल्याही यंत्राचा, खरा खर्च म्हणजे रोलर. रबर कडक होऊन काचेसारखं चकाकतं. नख दाबून बघा, खूण पडायलाच तयार नसेल तर रबर गेलं. लक्षणं कागदावरही दिसतात: पूर्णविराम आणि अनुस्वार कागदाला भोक पाडतात, आवाज टणटणीत येतो, कागद घसरतो. बारीक पॉलिश पेपरने वरची चकाकी हलक्या हाताने काढली तर पकड सुधारते, कडकपणा तसाच राहतो. छापखान्याच्या रोलरांवर रबर चढवणारे कारागीर हेही काम करतात. त्यांना जुन्या रोलरचा व्यास कॅलिपरने दोन्ही टोकांना मोजून द्या, कारण मधे तो झिजलेला असतो. व्यास वाढला की टाइप रोलरवर जोरात आदळतो आणि ओळींमधलं अंतरही बदलतं. मात्र रबर चढवायचा खर्च काही वेळा यंत्राच्या किमतीच्या वर जातो. तोवर कामचलाऊ उपाय हाच, की कागदामागे आणखी दोन कोरे कागद लावायचे. अनुस्वार टाइप करताना बोट हलकं ठेवायचं हे जुन्या टायपिस्टांना सांगावं लागत नाही. जोर तोच लावला, तरी टोक बारीक असल्याने सगळा भार एका ठिपक्यावर येतो.

रोलरखालचे छोटे रबरी रोलर बहुतेक जण विसरतात. यंत्र वर्षानुवर्षं उभं राहिलं की ते दाबाच्या जागी चपटे होतात आणि कागद तिरका चढतो. यंत्र ठेवून द्यायचं असेल तेव्हा कागद सैल करायचा खटका पुढे ओढून ठेवा. एवढ्याने ते वाचतात.

आता पुन्हा शिरोरेषेकडे. ‘म्हणून’मध्ये फक्त अर्धा म वरखाली बसत असेल आणि शिफ्टवरची बाकीची अक्षरंही तशीच बसत असतील, तर दोष शिफ्टचा. त्यासाठी वर आणि खाली असे दोन थांबे स्क्रूने कमीजास्त होतात. आधी शिफ्टविना अक्षरं नीट उमटताहेत याची खात्री करा, मग फक्त शिफ्ट दाबल्यावर लागणारा थांबा पाव-पाव फेऱ्याने हलवा, आणि प्रत्येक वेळी ‘स्वच्छ म्हणून सत्य’ अशी ओळ काढून बघा. दोन्ही स्क्रू एकदम फिरवले तर संध्याकाळ त्यातच जाते. एकटंच अक्षर खाली-वर असेल तर तो टाइप बार वाकला आहे किंवा टाइपाचा डाग सैल झाला आहे. टाइप बोटाने हलवून बघा. हलत असेल तर डाग. सोल्डर करताना शेजारच्या बारांना ओलं फडकं गुंडाळा, आणि टाइप बसवण्याआधी त्याच यंत्रावर काढलेली जुनी शिरोरेषा समोर ठेवा. हे काम पहिल्यांदाच करणार असाल तर चालू यंत्रावर करू नका, पार्टसाठी घेतलेल्या यंत्रावर हात बसवा.

रिबनची चिंता नको. अर्धा इंच रुंदीची रिबन अजून मिळते, स्टेशनरीच्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन. मूळ लोखंडी स्पूल फेकू नका. नव्या रिबनचा प्लास्टिकचा स्पूल नीट बसत नसेल तर रिबन जुन्या स्पूलवर गुंडाळून घ्या. दोन्ही टोकांपासून थोड्या अंतरावर बारीक छिद्राची धातूची कडी असते, तीच यंत्राला रिबनची दिशा उलटवायला सांगते. गुंडाळताना ती कापली गेली तर रिबन टोकाला जाऊन अडकते आणि एकाच जागी घासून फाटते. सुकलेल्या रिबनला शिक्क्याची शाई लावू नका. ती पाण्यात कालवलेली असते, टाइप गंजवते.

उणिवा सांगायच्या तर आवाज. फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर प्रायमा चालवणं म्हणजे शेजाऱ्यांशी संबंध बिघडवणं. खाली जाड नमदा किंवा फेल्ट घातला आणि टेबल भिंतीपासून चार बोटं दूर ठेवलं तर फरक पडतो, संपत नाही. जोडाक्षरांची मर्यादा आहे. सगळी जोडाक्षरं कळफलकावर मावत नाहीत, काही ठिकाणी हलन्त किंवा अर्ध्या अक्षरांवर भागवावं लागतं आणि ते देखणं दिसत नाही. ऱ्या आणि र्‍हस्वदीर्घाच्या जोड्या आपापल्या यंत्रावर जमवून बघाव्या लागतात. आणि संगणकावर इन्स्क्रिप्ट या कळरचनेने किंवा उच्चारानुसार टाइप करणाऱ्याला इथली रचना पूर्ण परकी वाटेल. उलट ज्यांनी रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर परीक्षा दिली आहे, त्यांची बोटं बसल्या बसल्या चालायला लागतात.

कोकणात किंवा मुंबईत यंत्र ठेवणार असाल तर रेक्झिनचं कव्हर काढून टाका. आत दमट हवा कोंडते. सुती कापड घाला, पावसाळ्यात यंत्राखाली सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा, आणि आठवड्यातून एकदा पानभर तरी टाइप करा. चार महिने न हललेलं यंत्र गणपतीनंतर उघडलं की पहिल्यांदा टॅबच्या कळा अडकलेल्या सापडतात.

घरी आणताना यंत्र कॅरेजला धरून कधीही उचलू नका. बुडाखाली दोन्ही बाजूंनी हात घाला. कॅरेज मध्यावर आणा, दोन्ही मार्जिनचे खटके तिथेच सरकवून तिला कोंडा आणि वरून सुतळीने बांधा. एसटीच्या डिकीत सैल कॅरेज एका गचक्याला कडेला आदळते आणि दोरी तिथेच तुटते. रिबन काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर उघड्यावर निसटून सगळीकडे शाई लागते. आणि विकणाऱ्याकडे असतील तर जुने रिकामे स्पूल मागून घ्या. तो बहुतेक वेळा फुकट देतो.